सगळ्यांना भर घालता यावी, पण कुणाला उडवता येऊ नये: सर्व्हरवरच्या परवानग्या

कुळागर
सोमवार, रात्री ९:१०

फोंड्याच्या बाजूला एका छोट्या वाचनालयाचं काम बघते. दोन वर्षांपासून आम्ही आजूबाजूच्या गावांतल्या जत्रेच्या नाटकांचं जुनं सामान स्कॅन करतोय: हाताने लिहिलेल्या नकला, हँडबिलं, फोटो, मंडळांच्या जमाखर्चाच्या वह्या. घराघरांतून ट्रंका उघडल्या जातात, आठवड्यासाठी वही मिळते, स्कॅन करून परत द्यायची. काही वह्या वाळवीने अर्ध्या खाल्लेल्या असतात. पुढच्या पावसाळ्यानंतर त्या असतील की नाही कुणास ठाऊक, म्हणजे आमची स्कॅन हीच शेवटची प्रत.

सगळं एका जुन्या डेस्कटॉपवर आहे. त्यावर उबुंटू लिनक्स, साम्बाने (लिनक्सवरची फोल्डरं विंडोजला नेटवर्कवरून उघडून देणारा प्रोग्राम) शेअर केलेलं एकच मोठं फोल्डर, डिस्क साध्या ईएक्सटी४ ची (फाइली मांडायची लिनक्सची नेहमीची पद्धत). बाकीच्या संगणकांवर विंडोज. सगळे ‘स्कॅन’ या एकाच खात्याने आत शिरतात. निवृत्त मास्तर आहेत, कॉलेजची मुलं आहेत, सुटीत शाळेची मुलंही येतात.

अडचण अशी. मध्यंतरी एका मंडळाचं अख्खं फोल्डर दिसेनासं झालं. शेवटी ते शेजारच्या मंडळाच्या पोटात सापडलं, ओढताना कुणाचा तरी माउस सुटला असणार. ते मिळालं तरी. त्यानंतर एका नकलेची मधली पानं गेली ती गेलीच. वही मूळ मालकाने अजून जपून ठेवलीय म्हणून निभावलं.

मी वाचून वाचून फाइलींना ‘फक्त वाचन’ अशी परवानगी करून ठेवली होती. तरीही पानं उडाली! फाइलीत लिहिता येत नाही, मग ती पुसता कशी येते?

मला हवंय ते एवढंच: सगळ्यांना बघता यावं, नवीन टाकता यावं, नोंदींची एक एक्सेल आहे ती भरता यावी, आणि पुसता मात्र कुणालाच येऊ नये. सर्व्हरवर पैसे घालायला कमिटीकडे फारसे नाहीत.

उंडो
सोमवार, रात्री ९:३२

परवानग्या नंतर. आधी सांगा, दुसरी प्रत कुठे आहे? नसेल तर आज रात्रीच एक बाहेरची हार्डडिस्क लावा, मग उद्या आरामात धागा वाचा.

टर्मिनलबाबा
सोमवार, रात्री १०:१५

उंडो यांना +१. आता तुमच्या प्रश्नाकडे वळतो. (कमांडी इथे देवनागरीत लिहितोय, टंकताना रोमन.)

लिनक्समध्ये फाइलीचं नाव फाइलीत नसतं, फोल्डरमध्ये असतं. फोल्डर म्हणजे नावांची यादी: हे नाव, त्याचा मजकूर डिस्कवर अमुक ठिकाणी. फाइल पुसणं म्हणजे त्या यादीतली ओळ खोडणं. ओळ खोडायला यादीवर लिहिण्याचा हक्क लागतो, फाइलीवर नव्हे. म्हणून तुम्ही फाइलींना कितीही कुलपं लावा, फोल्डर सर्वांना लिहायला मोकळं आहे तोवर फाइल जाणारच. नाव बदलणं आणि दुसरीकडे ओढणं हेही याच हक्कात येतं. नवीन फाइल टाकणंसुद्धा यादीत ओळ घालणंच आहे. लिनक्सच्या साध्या परवानग्यांत ‘ओळ घालू दे, खोडू नको’ असं वेगळं सांगायची सोय नाही.

त्यावरचा जुना उतारा म्हणजे स्टिकी बिट. फोल्डरवर तो लावला की फाइल तीच व्यक्ती पुसू शकते जी त्या फाइलीची मालक आहे, किंवा फोल्डरची मालक, किंवा रूट, म्हणजे सर्व्हरवरचं सर्वाधिकार असलेलं खातं. ‘/टेम्प’ फोल्डर सगळ्यांना उघडं असूनही एकाची फाइल दुसरा पुसू शकत नाही ते यामुळेच. तुमच्यासाठी फोल्डर रूटच्या मालकीचं, ग्रुप ‘वाचक’, आणि ‘चमॉड ३७७०’ (चमॉड ही परवानग्या ठरवायची कमांड). त्यातला ३ म्हणजे १ स्टिकीचा आणि २ सेटजीआयडीचा. दुसऱ्यामुळे आत येणारी प्रत्येक फाइल आपोआप ‘वाचक’ ग्रुपची होते.

पण तुमच्याकडे याचा शून्य उपयोग! सगळे ‘स्कॅन’ म्हणून येतात, म्हणजे प्रत्येक फाइलीचा मालक ‘स्कॅन’, आणि पुसणाराही ‘स्कॅन’. सर्व्हरच्या दृष्टीने तुमच्या वाचनालयात एकच माणूस आहे आणि तो स्वतःच्याच फाइली पुसतोय. साम्बात ‘फोर्स युजर’ लिहिलं असेल तरी हेच होतं, वेगवेगळी खाती काढूनही सगळ्यांची मालकी एका नावावर जाते. तेवढं आधी तपासा. पहिलं काम प्रत्येकाला वेगळं खातं.

अजून एक खोच. स्टिकी बिट खालच्या फोल्डरांत आपोआप उतरत नाही. सेटजीआयडी उतरतो, हा नाही. म्हणजे मास्तरांनी आत ‘नकला’ नावाचं फोल्डर काढलं आणि ते ग्रुपला लिहायला मोकळं राहिलं, तर ते फोल्डर इतर कुणी हलवू शकणार नाही, पण त्याच्या आतल्या फाइली खुशाल पुसेल. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सगळं बंद आहे.

कुळागर
सोमवार, रात्री १०:५०

उंडो, डिस्क आहे. रोज रात्री तिच्यावर प्रत जाते, त्याबद्दल नंतर विचारते.

टर्मिनलबाबा, देव बरें करूं! यादीची गोष्ट एकदम डोक्यात बसली. ‘फोर्स युजर’ बघितलं, आहे. ज्याने सर्व्हर लावून दिला त्याने ‘सगळ्यांना सगळं उघडलं पाहिजे’ म्हणून घातलं असणार.

वेगळी खाती मात्र कठीण दिसतात. मास्तर सत्तरीचे, मुलं दर सुटीत बदलतात. पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर जाईल, म्हणजे परत तेच.

दूधसागर_लोकल
मंगळवार, सकाळी ७:४५

वेर्ण्याला एका कारखान्यात विंडोजचे फाइल सर्व्हर सांभाळतो. हाच प्रश्न आमच्याकडे दर काही महिन्यांनी येतो: ‘एडिट करू दे, डिलीट नको.’ साहेबांना तो एका टिकमार्कचा वाटतो.

विंडोजच्या एनटीएफएस या फाइलपद्धतीत पुसण्याचा हक्क खरंच वेगळा असतो. ॲडव्हान्स्ड परवानग्यांत ‘डिलीट’ आणि ‘डिलीट सबफोल्डर्स अँड फाइल्स’ अशा दोन ओळी दिसतात. पहिली त्या फाइलीवरची, दुसरी तिच्या वरच्या फोल्डरवरची. दोन्हींपैकी एक मिळालं तरी फाइल जाते. लोक फाइलीवर ‘डिलीट’ नाकारतात आणि वरच्या फोल्डरवर ‘फुल कंट्रोल’ तसाच ठेवतात, ज्यात दुसरी ओळ आपसूक येते. मग ‘डिनाय लावूनही फाइल गेली’ म्हणून फोन. ‘मॉडिफाय’ मध्येही ‘डिलीट’ असतंच, त्यामुळे तो देऊन पुसणं थांबेल अशी आशा करू नका. आणि शेअरवरची परवानगी वेगळी, डिस्कवरची वेगळी. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींतली जी कडक ती लागू होते.

हे सगळं नीट बसवलं तरी खरी गंमत पुढे आहे. वर्ड किंवा एक्सेल फाइल साठवताना जुन्या फाइलीतच लिहीत नाही. बाजूला तात्पुरती फाइल काढतं, तिच्यात नवा मजकूर लिहितं, जुन्या फाइलीचं नाव बदलतं, नवीला तिचं नाव देतं, आणि मग जुनी पुसतं. माणूस फक्त कंट्रोल-एस दाबतो, पण सर्व्हरला दिसतं: एक बनली, दोनदा नाव बदललं, एक पुसली. नाव बदलायलाही ‘डिलीट’चाच हक्क लागतो. तो काढून घेतला की साठवतानाच एरर येते आणि फोल्डरमध्ये विचित्र नावांच्या टीएमपी फाइली साचतात. आमच्या अकाउंट्सवाल्यांनी हे एका सकाळीत दाखवून दिलं.

थोडक्यात, ज्या फोल्डरमध्ये ऑफिसच्या फाइलींवर रोज काम चालतं तिथे पुसणं बंद करता येत नाही. कागदावर येतं, प्रत्यक्षात नाही. कुळागर बाय, तुमची एक्सेल आणि तुमची स्कॅन एका नियमात बसवायचा हट्ट सोडा.

काजूबोंड
मंगळवार, सकाळी ९:२०

एवढं पुराण कशाला? ‘चॅटर प्लस आय’ मारा. रूटलासुद्धा पुसता येत नाही. रात्री क्रॉन (ठरल्या वेळी कमांड चालवणारा) लावून सगळ्या फाइलींवर मारत राहायचं. विषय संपला.

टर्मिनलबाबा
मंगळवार, दुपारी १:०५

काजूबोंड, विषय इतक्यात संपत नाही, पण सूचना वाईट नाही.

प्लस आय लावलेली फाइल बदलता, पुसता, हलवता येत नाही, नावही बदलता येत नाही. रूटलाही आधी तो गुणधर्म काढावा लागतो. ईएक्सटी४ वर चालतं. पण उद्या मास्तर म्हणाले ‘हे पान उलटं स्कॅन झालंय’, तर सर्व्हरवर बसून तो काढायचा, फाइल बदलायची, परत लावायचा. हे तिथे कोण करणार? शिवाय असं कुलूप आहे हे तीन वर्षांनी कुणाला आठवत नाही. नवा माणूस रूट होऊन फाइल पुसायला जातो, ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ येतं, आणि बिचारा डिस्क खराब झाली समजून बसतो. फाइलींची यादी दाखवणाऱ्या एलएस मध्ये ते दिसतच नाही, एलएसॲटर लागतं.

त्यापेक्षा गमतीदार भाऊ म्हणजे प्लस ए. फाइलीवर लावला तर फक्त शेवटी भर घालता येते, लॉगसाठी छान. फोल्डरवर लावला तर आत नवीन फाइल बनवता येते, असलेली पुसता किंवा हलवता येत नाही. म्हणजे मी काल ‘साध्या परवानग्यांत नाही’ म्हणालो ती सोय इथे मिळते. पण आतल्या फाइलीचा मजकूर बदलायला तो आडकाठी करत नाही, रिकामी करायलाही नाही. परवानगी असेल तर नाव तसंच आणि आत शून्य बाइट. खालच्या फोल्डरांवर वेगळा लावावा लागतो तो आहेच. आणि दूधसागर यांनी सांगितलेली एक्सेलची कसरत तिथेही अडकणार.

मानकुराद
मंगळवार, रात्री ८:४०

मी संगणकातला नव्हे, गावातल्या संस्था चालवण्यात आयुष्य गेलं, म्हणून दोन पैसे.

लोक वेळ काढून फुकट येतात. ज्या दिवशी त्यांना कळेल की आपल्या हातून काही जाईल म्हणून सगळीकडे कुलपं लावलीत, त्या दिवशी निम्मे घरी बसतील. मास्तरांना तर फारच लागेल. तुमच्याकडे पुसणारा कुणी दुष्ट नाही, माउस सुटतो एवढंच. चोरावरचा इलाज सुटणाऱ्या माउसवर कशाला करता? चुकलेलं परत आणता आलं की पुष्कळ झालं.

पाटोपूल
बुधवार, सकाळी ११:३०

मानकुराद यांच्याशी अर्धी सहमत. परत आणता येणं महत्त्वाचं, पण परत आणायला आधी गेलंय हे कळावं लागतं. हजारो पानांतली दोन गेली तर कधी कळणार? वही मालकाकडे परत गेल्यावर दोन वर्षांनी कुणीतरी ती नक्कल मागेल तेव्हा.

मी ग्रंथालयातच काम करते, स्कॅनिंगचे प्रकल्प जवळून बघितलेत. चालणाऱ्या ठिकाणी सगळ्यांची एक सवय सारखी दिसते: काम चालू असलेली जागा आणि पक्की झालेली जागा वेगळी. एकाच फोल्डरला ‘लिहा पण पुसू नका’ शिकवत बसायचं नाही.

तुमच्याकडे असं करता येईल. दोन शेअर. एक ‘आवक’. तिथे सगळ्यांना सगळं मोकळं, पुसणंसुद्धा. वाकडं स्कॅन झालं, पुसा, परत करा. मास्तरांना काही अडणार नाही. दुसरा ‘संग्रह’. तिथे सगळ्यांना फक्त वाचायला. आवकमधून संग्रहात माणसाने न्यायचंच नाही, सर्व्हर रात्री नेईल. ज्याला हात लावून एक दिवस झाला ते पान पक्कं.

याने तुमची खात्यांची अडचणही पुष्कळ सुटते. आवकमध्ये ‘स्कॅन’ हे एकच खातं राहिलं तरी चालतं, कारण तिथे फार तर एक-दोन दिवसांचं काम पणाला लागतं, आणि वही अजून तुमच्याच टेबलावर असते. संग्रहात लिहिणारं खातं फक्त दोघांकडे. दोघांकडे म्हणजे दोघांकडेच. एकाकडे ठेवलं तर तो चवथीला गावी गेला की काम अडतं, चौघांकडे गेलं की सगळ्यांकडे गेलं.

एक अट मात्र पाळा: वही मालकाला परत करायची ती संग्रहात गेलेली पानं मोजूनच. कपाटाला टाचलेला एक कागद पुरे: मंडळ, वही, पानं किती, संग्रहात किती, सही. मानकुराद, हे कुलूप नाही, पावती आहे. मास्तर हे आनंदाने करतील, बघा.

एक्सेल तिसऱ्या छोट्या शेअरमध्ये. तिथे पुसणं अडवूच नका, प्रती जास्त वेळा घ्या.

दूधसागर_लोकल
बुधवार, दुपारी १२:१०

हेच. आमच्या ड्रॉइंग ऑफिसमध्ये असंच चालतं, ‘रिलीज’ झालेलं ड्रॉइंग वेगळ्या फोल्डरात, तिथे डिझायनरलाही लिहिता येत नाही. हे आधीच सुचायला हवं होतं असं टर्मिनलबाबांना वाटत असणार.

टर्मिनलबाबा
बुधवार, रात्री ९:५५

वाटतंय! पाटोपूल यांचा आराखडा माझ्या दोन प्रतिसादांपेक्षा बरा. आता तो बसवताना कुठे ठेच लागेल ते सांगतो.

रात्रीची स्क्रिप्ट (कमांडींची फाइल) फाइंड ही शोधायची कमांड वापरून फाइली निवडेल. सगळे उदाहरणात ‘-एममिन’ देतात, म्हणजे मजकूर बदलल्याची वेळ. इथे तो देऊ नका. विंडोजमधून फाइल कॉपी केली की ती मूळ तारीख घेऊन येते. कॅमेऱ्यातला मागच्या महिन्याचा फोटो आज आवकमध्ये टाकला तर त्यावर मागचाच महिना असतो, आणि स्क्रिप्ट त्याला जुना समजून पहिल्याच रात्री उचलते. ‘-सीमिन +१४४०’ द्या (१४४० मिनिटं म्हणजे एक दिवस). ती वेळ सर्व्हर स्वतः लावतो, फाइल इथे आली, नाव बदललं किंवा काहीही झालं की ताजी होते. कॉपी अर्धवट चालू असलेली मोठी टिफ उचलली जाण्याची भीतीही त्याने जाते.

हलवताना ‘एमव्ही -एन’, म्हणजे संग्रहात त्याच नावाची फाइल आधीच असेल तर तिच्यावर लिहिणार नाही. ती आवकमध्येच राहील. सकाळी आवकमध्ये कालच्या आधीचं काही पडलेलं दिसलं की समजायचं नावाचा घोळ आहे. सगळ्या स्कॅनरना ‘इमेज००१’ अशीच नावं द्यायची खोड असते, तेव्हा मंडळ आणि वहीचं फोल्डर आधी काढायची शिस्त लावा.

हलवल्यावर मालकी बदलायला विसरू नका. एकाच डिस्कवर हलवलेली फाइल जुन्याच मालकाची राहते, आणि मालक स्वतःच्या फाइलीची परवानगी कधीही बदलू शकतो. म्हणून चओन (मालक बदलायची कमांड) करून संग्रहात लिहिणाऱ्या संग्राहक खात्याच्या नावे, फाइली ०६४०, फोल्डर २७५० (मालकाला लिहायला, ग्रुपला फक्त वाचायला). वर साम्बाच्या त्या शेअरमध्ये ‘रीड ओन्ली = येस’ आणि ‘राइट लिस्ट’मध्ये फक्त त्या संग्राहक खात्याचं नाव. म्हणजे खाली डिस्कवर कुणी चमॉड चुकवला तरी वरचं दार बंद राहतं. ‘फोर्स युजर’ काढायचं, ‘फोर्स ग्रुप’ ठेवा.

जमलं तर स्क्रिप्टने प्रत्येक फाइलीचा शा-२५६ ठसा (मजकुरावरून काढलेला आकडा, मजकूर बदलला की तोही बदलतो) एका यादीत लिहावा. महिन्यातून एकदा यादी ताडून बघितली की कुठली फाइल हरवली, कुठली आतून बदलली ते कळतं. पाटोपूल यांच्या ‘गेलंय हे कळणार कसं’ याला यापेक्षा स्वस्त उत्तर माझ्याकडे नाही.

मानकुराद
बुधवार, रात्री १०:२०

पावतीची कल्पना आवडली. वहीवर सही करायला आमची पिढी तयारच असते.

काजूबोंड
गुरुवार, सकाळी १०:००

साम्बाला कचरापेटी असते ना? ‘व्हीएफएस रिसायकल’. ती लावली तर आवकमधलं पुसलेलंही परत मिळेल.

(अवांतर: स्टिकी बिट मुळात पुसण्यासाठी नव्हताच. १९७४ च्या युनिक्समध्ये तो प्रोग्रामवर लावायचे, काम संपल्यावरही प्रोग्राम स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या राखीव जागेत, ‘चिकटून’ राहावा म्हणून. फोल्डरवरचा आजचा अर्थ १९८६ च्या ४.३ बीएसडीपासूनचा.)

टर्मिनलबाबा
गुरुवार, दुपारी १:३०

हो, रिसायकल लावाच. विंडोजवर नेटवर्कमधली फाइल पुसली की ती त्या संगणकाच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. विंडोज ‘कायमची पुसू का?’ विचारतं, लोक न वाचता एंटर मारतात. साम्बाची पेटी लावली की फाइल सर्व्हरवरच एका लपलेल्या फोल्डरात सरकते. ‘कीपट्री’ चालू ठेवा म्हणजे फोल्डरांची रचना टिकते, ‘व्हर्जन्स’ चालू ठेवा म्हणजे एकाच नावाची दुसरी पुसलेली फाइल पहिलीला गिळत नाही. ठराविक दिवसांनी पेटी रिकामी करायला क्रॉन लावा, नाहीतर डिस्क भरल्यावर इथेच नवा धागा निघेल.

तिच्या मर्यादाही माहीत हव्यात. साम्बामधून पुसलेलंच ती पकडते, सर्व्हरवर बसून आरएम या कमांडीने पुसलेलं नाही. फाइलीवर दुसरी फाइल लिहिली तर जुना मजकूर पेटीत जात नाही. आणि ओढून दुसरीकडे गेलेलं फोल्डर तिच्या लेखी पुसलेलं नाहीच, नुसतं नाव बदललंय. कुळागर यांचं पहिलं फोल्डर या पेटीत सापडलं नसतं.

त्यासाठी ‘फुल ऑडिट’ नावाचं दुसरं मॉड्यूल आहे: कोणी, कुठल्या संगणकावरून, काय पुसलं, कशाचं नाव बदललं हे लॉगमध्ये लिहितं. फक्त नाव बदलणं आणि पुसणं एवढंच नोंदवा. उघडणं, वाचणं सगळं घेतलंत तर लॉगच डिस्क खाईल.

कुळागर
गुरुवार, रात्री ९:१५

ऑडिट लावते, पण तो मी एकटीच बघणार, आणि फोल्डर कुठे गेलं ते शोधायलाच. ‘कोणी केलं’ हे एकदा फळ्यावर गेलं की मानकुराद बाब म्हणतात तेच होणार.

आता रोजच्या प्रतीबद्दल. आरसिंक या प्रत काढणाऱ्या प्रोग्रामने रात्री बारा वाजता बाहेरच्या डिस्कवर जाते. मग त्या नकलेची पानं तिथून का मिळाली नाहीत? तिथेही नव्हती.

उंडो
गुरुवार, रात्री ९:४०

याचीच वाट बघत होतो. तुमच्या कमांडीत ‘डिलीट’ असा पर्याय आहे का बघा. असणार. त्याचा अर्थ: मूळ ठिकाणी जे नाही ते प्रतीतूनही काढ. दुपारी पान गेलं, रात्री आरसिंकने प्रामाणिकपणे प्रतीतूनही काढलं. तो आरसा झाला, बॅकअप नव्हे. रेडवाल्यांची (एकच मजकूर दोन डिस्कांवर एकदम ठेवणाऱ्यांची) हीच गत, दोन डिस्कांवरून एका क्षणात एकाच वेळी पुसलं जातं. रेड डिस्क मेली तर वाचवतं, हात घसरला तर नाही.

‘डिलीट’ नुसता काढला तर जुना कचरा साचत जातो आणि हलवलेलं फोल्डर दोन्हीकडे दिसतं. त्यापेक्षा ‘लिंक-डेस्ट’ वापरा, किंवा तेच काम सोपं करून देणारं ‘आरस्नॅपशॉट’. रोजच्या तारखेचं वेगळं फोल्डर बनतं, आत सगळं पूर्ण दिसतं, पण न बदललेल्या फाइली हार्डलिंकने जोडलेल्या, म्हणून जागा फक्त नव्याची जाते. तुमच्या स्कॅन एकदा झाल्या की बदलत नाहीत, तुमच्यासाठी हे आदर्श. मात्र ही डिस्क लोकांना लिहायला उघडी ठेवू नका. हार्डलिंक म्हणजे एकच फाइल अनेक नावांनी. एका तारखेत जाऊन कुणी आतला मजकूर बदलला तर सगळ्या तारखांत बदलतो.

पुढे कधी डिस्क बदलाल तेव्हा ईएक्सटी४ ऐवजी झेडएफएस किंवा बीटीआरएफएस घ्या. त्यांचे स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) क्षणात होतात, आणि साम्बाचं ‘शॅडो कॉपी२’ लावलं की विंडोजवर फाइलीवर उजवं क्लिक करून ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’मध्ये कालची प्रत दिसते. एक्सेलसाठी सोन्यासारखं. पण स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो हे विसरायचं नाही.

आणि ती बाहेरची डिस्क चोवीस तास सर्व्हरला, म्हणजे त्याच भिंतीतल्या प्लगला जोडलेली असेल. जूनमध्ये वीज कडाडली की दोन्ही एकदमच जातील. दुसरी डिस्क घ्या, आठवड्याला बदला, एक कुणाच्या तरी घरी कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात. आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी आधी पुस्तकांना लागते म्हणून डिस्क सुरक्षित असं नाही.

पाटोपूल
शुक्रवार, सकाळी १०:४५

आणि परत आणून बघा. मुद्दाम एक फोल्डर बाजूला ठेवून तारखेच्या प्रतीतून उचलायचं. हे न करता ‘बॅकअप आहे’ म्हणणारे बरेच भेटलेत.

कुळागर
रविवार, संध्याकाळी ६:३०

शनिवारी वाचनालय बंद ठेवून भाचीला घेऊन बसले, बरंचसं झालं. आवक, संग्रह, नोंदी असे तीन शेअर. ‘फोर्स युजर’ गेलं. जुनं सगळं एकदम संग्रहात हलवलं, रात्रीची स्क्रिप्ट पहिल्या रात्री नीट चालली. दोन वह्यांची ‘इमेज००१’ आवकमध्येच अडकली, म्हणजे ‘-एन’ने काम केलं. संग्राहक खातं माझ्याकडे आणि मास्तरांकडे. त्यांनी पासवर्ड पाठ केलाय, एका नाटकातल्या पदाची ओळ आहे, एवढंच सांगते. ऑडिटचा लॉग चालू आहे. आरस्नॅपशॉटही लागलं. दुसऱ्या डिस्कचा खर्च मंगळवारी कमिटीपुढे ठेवते.

पाटोपूल ताई, परत आणूनही बघितलं. एक्सेलचं फोल्डर कालच्या तारखेतून आणलं. आलं सगळं, उघडतंही, पण आता कुणालाच साठवता येत नाही. ‘रीड ओन्ली’ म्हणतंय. संग्रहाचे नियम चुकून तिथे लागले का?

टर्मिनलबाबा
रविवार, संध्याकाळी ७:०५

नाही. तुम्ही सुडो लावून, म्हणजे रूटच्या हक्काने, साध्या सीपी या कॉपीच्या कमांडीने आणलं असणार. त्याने नवी प्रत रूटच्या नावे होते, ग्रुपची लिहिण्याची परवानगीही गळून पडते. ‘सीपी -ए’ वापरा, मालकी, ग्रुप, परवानग्या, तारखा सगळं जसंच्या तसं येतं. आत्ता जे आणलंय ते एकदा चओन आणि चमॉडने दुरुस्त करा, परत आणायची गरज नाही.

कुळागर
रविवार, संध्याकाळी ७:४०

सीपीच होतं. चओन केलं, साठवता येतंय. ‘-ए’ सकट कमांड लिहून सर्व्हरच्या बाजूला चिकटवली. पासवर्ड नाही चिकटवला.